चार फड, एक पाट

साक्रीकडून धुळ्याकडे पांझरा नदीच्या काठाकाठाने आले की पात्रात अधूनमधून दगडी बंधारे लागतात. उंची बेताची, दरवाजे नाहीत, मागे जलाशय म्हणावा असा फुगवटाही नाही. मोठी धरणे बघायची सवय झालेल्याला ते अर्धवट सोडून दिलेले काम वाटेल. पण या बंधाऱ्यांकडून पाणी साठवण्याची अपेक्षाच नव्हती. नदीची पातळी काठावरच्या पाटाच्या तोंडापर्यंत चढली की त्यांचे काम संपले. त्यापुढे पाणी उताराने शेतात जाते आणि उरलेले बंधाऱ्यावरून पुढच्या गावाला.

पांझरा, मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, गावाने मिळून शेतीला पाणी देण्याची ही फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आलेली मानली जाते. जुने गावजीवन साधे होते असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. फडापुरते ते अर्धेच खरे आहे. यंत्र साधे होते, पण ते चालवण्याचा करार भलता गुंतागुंतीचा होता. आज नेमके उलटे आहे. करार कुणाशी करावा लागत नाही, कळ दाबली की पाणी येते. त्या कळीमागची विहीर, मोटर, रोहित्र, वायर आणि बिल मात्र ज्याचे त्याला सांभाळावे लागते.

आधी यंत्र पाहू. बंधाऱ्याला जागा निवडायची ती पात्रात खडक उघडा पडला असेल तिथे. पाया खडकात, दोन्ही टोके काठात खोल शिरलेली, बांधकाम दगड-चुन्याचे. काठात टोक पुरेसे शिरले नाही तर पूर बंधारा फोडण्याच्या भानगडीत पडत नाही. तो बाजूची माती कापून वळसा घालतो आणि बंधारा नदीच्या मधोमध निरुपयोगी उभा राहतो. बंधाऱ्यामागे गाळ साठतो, पण धरणाला मारक ठरणारा हा गाळ इथे फारसे बिघडवत नाही, कारण साठा हा हेतूच नाही. त्रास होतो तो पाटाच्या तोंडाशी येणाऱ्या वाळू-गोट्यांचा.

तोंडापासून निघालेला पाट २ ते १२ किलोमीटर लांब असतो. त्याची वहनक्षमता साधारण ४५० लिटर प्रतिसेकंद. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेतात जाणारे दंड निघतात. जादा पाणी बाहेर काढायला ठिकठिकाणी सांडम ठेवलेले असतात. सांडम बुजला तर पावसाळ्यातल्या एका जोरदार सरीने पाटाची खालची कड फुटते, आणि फुटलेली कड रात्रीत मोठी होते.

४५० लिटर म्हणजे केवढा पाट? तळाची रुंदी १ मीटर, दोन्ही काठ ४५ अंशांचे, पाण्याची खोली साधारण ५६ सेंटिमीटर आणि उतार हजार मीटरला १ मीटर. अशा मातीच्या पाटातून पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाते. हा वेग मोलाचा आहे. फार कमी झाला तर गाळ तळाशी बसतो, फार वाढला तर पाणी काठ खायला लागते. उतार काढताना तळ थोडाही चुकला तर ते दरवर्षी फावड्याने भरून काढावे लागते. गवताचा हिशेबही याच वेगाशी जोडलेला आहे. पाटात गवत आणि वेली माजल्या की घर्षण दुप्पट होते आणि तेवढ्याच खोलीला प्रवाह निम्म्यावर येतो. पाणी तर काठोकाठ दिसते, पण पोचते निम्मे. म्हणून हंगामापूर्वी पाट साफ करणे बंधनकारक होते, आणि ज्याची जमीन जास्त त्याची माणसे जास्त, असे श्रमाचे प्रमाण ठरलेले होते.

आपल्या पाटात किती पाणी आहे हे कुणालाही मोजता येते. सरळ भागात २० मीटरच्या खुणा करायच्या. वरच्या खुणेच्या थोडे आधी लिंबू टाकायचे आणि दोन खुणांमधला वेळ तीन-चारदा मोजून सरासरी घ्यायची. समजा ३४ सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग झाला सेकंदाला ०.५९ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी मंद असते म्हणून ०.८५ ने गुणायचे, म्हणजे ०.५०. पाण्याचा छेद ०.८७ चौरस मीटर असेल तर प्रवाह सुमारे ४३५ लिटर प्रतिसेकंद. हे मोजमाप तोंडाशी आणि शेपटाशी अशा दोन्ही ठिकाणी घेतले की पाट वाटेत किती पाणी पितो तेही कळते, आणि गळतीवरून होणाऱ्या निम्म्या भांडणांना आकडा मिळतो.

आता फड. एका बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे सहसा चार भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग एक फड. क्षेत्र १० हेक्टरपासून २०० हेक्टरपर्यंत, सरासरी १०० ते १२५ हेक्टर. एका हंगामात एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा, पाणी कमी असेल तर एखादा पडीक, आणि पुढच्या वर्षी हा क्रम सरकतो. मूळ रचनेत प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे कुठल्या फडात ऊस यावा यावरून कुणाचे नशीब ठरत नसे.

सगळ्यांनी एकाच जागी एकच पीक घेण्याने काय साधते? पहिले उत्तर गळतीत आहे. मातीच्या पाटातून झिरपणारे पाणी भिजलेल्या पृष्ठभागावर आणि वेळेवर ठरते, पाटातल्या प्रवाहाच्या प्रमाणात ते कमी-जास्त होत नाही. ५ किलोमीटर पाट धरा. मध्यम जमिनीत, ४५० लिटर वाहत असताना, साधारण २६ लिटर प्रतिसेकंद झिरपतात, म्हणजे ६ टक्के. आता चार जणांना चार ठिकाणी पाणी हवे म्हणून त्याच पाटात १०० लिटर सोडले तर १७ लिटर जिरतात. हे झाले १७ टक्के. वर प्रत्येक वेळी कोरडी, भेगाळलेली चारी आधी आपली तहान भागवते ते वेगळे. म्हणून फडाचे पाणी कसे, तर पूर्ण जोराने, एका बाजूला, सलग.

दुसरे उत्तर वेळापत्रकात आहे. गव्हाला साधारण तीन आठवड्यांनी पाणी लागते. मुकुटमुळे फुटताना पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५, फुलोऱ्यात ६० ते ६५ आणि दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी. हरभऱ्याचे दोन पाण्यांवर भागते. उसाला हिवाळ्यात पंधरा दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाळी द्यावी लागते. ही पिके शेजारी शेजारी पेरली तर चारी जवळजवळ रोजच ओली ठेवावी लागेल आणि उसातून पाझरलेले पाणी हरभऱ्याच्या मुळाशी उभे राहील. ऊस वेगळा आणि फिरता ठेवल्याने पाणथळ आणि क्षारपड जमिनीचे दुखणे लांब राहिले. नंतर आलेल्या मोठ्या कालव्यांखाली वर्षानुवर्षे एकाच जागी ऊस ठेवल्याचे परिणाम पाहिले की या नियमाची किंमत कळते.

थोडा पाळीचा हिशेब. एका पाण्याला ७५ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर पाणी धरू, आणि तोंडाशी सोडलेल्यापैकी ६० टक्के शेतात पोचते असे मानू. ४५० लिटरच्या प्रवाहात रात्रंदिवस मिळून ३१ हेक्टर भिजते. १०० हेक्टरचा फड तीन-सव्वातीन दिवसांत उरकतो आणि पाणी दुसऱ्या फडाकडे वळवता येते. उन्हाळ्यात नदी आटत १५० लिटरवर आली की दिवसाला जेमतेम १० हेक्टर होते. म्हणजे तोच फड भिजवायला दहा दिवस, आणि उसाची पाळीही दहा दिवसांचीच. एका फडापेक्षा जास्त ऊस ठेवला असता तर दुसऱ्या फडातला ऊस जळालाच असता. फडाचा कारभार पाहणाऱ्या जुन्या पंचांनी हे सूत्राने मांडले नसेल, पण मार्गशीर्षात नदीची धार पाहून चैत्रात किती उरेल याचा अंदाज त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने होता.

पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. पाटकरी सगळ्या फडाला पाणी भरत असे, मालक बांधावर असो वा नसो. जागल्या पिकाची राखण करी, हवालदार आणि मुकादम देखरेख करीत, आणि या सगळ्यांचा मोबदला बहुतेक धान्याच्या रूपात. पाटकऱ्याला कुणाचे शेत लवकर भिजवण्यात स्वतःचा फायदा नव्हता. व्यवस्थेतली ही सर्वात हुशार कळ आहे. ज्याला पाणी हवे त्याच्या हाती चारीचे दार नाही, आणि ज्याच्या हाती दार त्याला एकट्यासाठी पाणी नको.

तुटीचा नियमही तसाच. पाणी कमी पडणार असे दिसले की सगळ्यांचे पाणी थोडे थोडे कापायचे नाही, एक अख्खा फड सोडून द्यायचा. यामागेही हिशेब आहे. फारच कमी भिजलेल्या गव्हाचे बी, नांगरट आणि दिलेले पाणी बरेचसे वाया जाते. तुकडे सर्व फडांत असल्याने तोटाही सारखा वाटला जाई.

याचा अर्थ सारे काही आदर्श होते असा नाही. फडात जमीन नसलेल्या माणसाला या पाण्यात काही वाटा नव्हता. आपल्या तुकड्यात वेगळे पीक घ्यायची मुभा नव्हती. पंच कोण होणार हेही गावातल्या उतरंडीनुसारच ठरत होते. भाजीपाला, डाळिंब किंवा कांदा हवा असलेल्या आजच्या शेतकऱ्याला हा जाच सोसवणार नाही, आणि सोसावा असे सांगणेही योग्य नाही.

करार मोडायला सुरुवात मोटरीने केली. ५ अश्वशक्तीचा पंप २० मीटर खोलीवरून, एकूण ५० टक्के कार्यक्षमतेने, सेकंदाला साडेनऊ लिटर पाणी उचलतो. पूर्ण भरलेल्या पाटाची बरोबरी करायला असे ४७ पंप लागतील, आणि पाटाला वीज लागत नाही. एक हेक्टर एकदा भिजवायला पंपाला २२ तास आणि ८० च्या आसपास युनिटे लागतात. शेतीची वीज दिवसाला आठ तास, आणि तीही आठवड्याआड रात्रीची असेल, तर एका हेक्टरच्या एका पाण्याला तीन रात्री अंधारात दारं धरावी लागतात. तरीही लोक मोटर घेतात. ते पाणी मागायला कुणाकडे जावे लागत नाही, हे त्याचे कारण. जमिनी विकल्या गेल्या, वाटण्या झाल्या, प्रत्येक फडात तुकडा असलेले खातेदार कमी उरले. ज्याची सगळी जमीन एकाच फडात आहे तो तो फड सोडायला कसा तयार होईल?

नदीही बदलली. पांझरेवर लाटीपाडा आणि अक्कलपाडा, तिच्या कान या उपनदीवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, गिरणेवर चणकापूर अशी धरणे झाली. धरणातून पाणी आवर्तनाने येते, म्हणजे मोजके दिवस भरपूर आणि मध्ये खडखडाट. फडाचा पाट बारीक पण अखंड धारेसाठी काढलेला आहे. त्याच्या तोंडावरून आवर्तनाचे बरेचसे पाणी तसेच पुढे निघून जाते. वाळूउपशाने पात्र खाली गेले की बंधाऱ्याच्या पायथ्याशी खड्डा पडतो आणि खडकावरचा पाया उघडा पडतो.

पाण्याबाबत सामुदायिक शिस्त नव्या रूपात आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवरून ठरवला नाही, माणसी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असा ठरवला. भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला बंदी केली. फडातली सर्वात मोठी उणीव तिथे नेमकी भरून निघाली. दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी घनमापाने मोजून पाणी घ्यायला सुरुवात केली, आणि २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर आधार मिळाला.

जुना पाट ठिबकला जोडायचा तर एक अडचण येते. ठिबकला रोज थोडे पाणी हवे आणि पाट देतो दहा-पंधरा दिवसांनी भरपूर. मध्ये साठा लागतो. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि बाजूंना १:१ उतार असलेल्या शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. हेक्टरला मोकाट पद्धतीने तीनदा देता येईल एवढे हे पाणी ठिबकवर बरेच लांबते. मात्र प्रत्येकाने आपले तळे पाटाच्या पाळीतच भरायचे ठरवले तर शेपटाचे शेत कोरडे राहते. म्हणून तळे भरण्याचे पाणी घनमीटरमध्ये मोजून त्या खातेदाराच्या पाळीतून वजा करायला हवे.

दुरुस्तीत एक चूक वारंवार होते. निधी आला की बंधाऱ्याच्या दर्शनी भागाला सिमेंट चोपडले जाते. खरे काम पायथ्याशी आहे. खड्ड्यातला सुटा गाळ खडकापर्यंत काढून काँक्रीटची दाढ, म्हणजे खाली उतरवलेली भिंत, खडकात रोवायची, त्यापुढे मोठे दगड टाकायचे आणि मगच वरच्या भेगांना हात लावायचा. दुसरे काम पाटाच्या अस्तरीकरणाचे. काँक्रीटने घर्षण निम्मे होते, त्याच पाटातून जवळजवळ दुप्पट पाणी जाते आणि गळती बरीच कमी होते. पण पाटालगतच्या विहिरी त्याच गळतीवर जगतात, आणि अस्तराला पहिला विरोध त्यांच्या मालकांचाच होतो. त्यामुळे मुरमाड पट्टा आणि भरावावरून जाणारा भाग तेवढा अस्तरात घ्यावा, काळ्या मातीतला पाट तसाच ठेवावा, आणि कुठला भाग कसा हे ठरवण्यापूर्वी तोंडाशी व शेपटाशी लिंबू सोडून गळती मोजावी.