बगळ्याचे गुडघे खरेच उलटे असतात का?

‘माणसाचे गुडघे पुढे वाकतात, पक्ष्यांचे मागे’ असा मजकूर बगळ्याच्या फोटोसह वर्षानुवर्षे फिरतो. फोटो पाहून तसे वाटणारच, कारण पायाच्या मधोमध मागे वाकणारा सांधा स्पष्ट दिसतो. पण तो गुडघा नव्हे, घोटा आहे.

पक्षी फक्त बोटांवर चालतात. त्यांच्या तळपायाची हाडे एकत्र जुळून लांब, उभी झालेली असतात. आपल्याला नडगी वाटते ती हीच. खरा गुडघा पोटाजवळ, पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. टाचा उचलून, गुडघे वाकवून चवड्यांवर उभे राहा, बगळ्याची ठेवण लगेच लक्षात येईल.

पडताळा स्वयंपाकघरातही मिळतो (शाकाहाऱ्यांनी क्षमा करावी). अख्ख्या लेग पीसमध्ये मांडी आणि खालचा मांसल भाग जिथे जोडलेले असतात, तो गुडघा. खवलेवाला पिवळा पाय जिथे तोडून टाकतात, तो घोटा. कुत्रा, गाय, घोडा यांच्या मागच्या पायातला मागे वळलेला कोनही घोट्याचाच.

सांध्यांचे संगणकीय प्रारूप (मॉडेल) करणाऱ्यांना ही ओळख आधी पक्की करावी लागते. सीटी स्कॅनमधून हाडांचा आकार मिळतो, पण भार कसा वाटला जातो हे अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे), कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचिक आवरण) आणि स्नायुरज्जू (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) यांच्या ताठरपणावर ठरते. पक्ष्याच्या गुडघ्यात आपल्यासारखेच एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध असतात. घोट्याला गुडघा समजून ते तिथे बसवले, तर पुढची सगळी आकडेमोड वाया.