समभुज त्रिकोण समद्विभुज असतो का?

असतो. ज्या त्रिकोणाच्या निदान दोन बाजू समान, तो समद्विभुज. समभुजाच्या तिन्ही समान असतात, म्हणजे त्यातल्या कुठल्याही दोन समान आहेतच. उलटं मात्र चालत नाही: ५, ५ आणि ८ सेंमी बाजूंचा त्रिकोण समद्विभुज आहे, समभुज नाही.

तरी मुलं इथे अडतात, आणि त्यांच्या शंकेला जुना आधार आहे. इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने समद्विभुजाची व्याख्या केली ती ‘फक्त दोन बाजू समान’ अशी. त्याच्या हिशेबाने हे दोन त्रिकोण वेगवेगळ्या खणांतले. आजच्या गणितात ‘फक्त’च्या जागी ‘निदान’ आलं आणि माझ्या मते ते फार बरं झालं. कारण समद्विभुजाबद्दल एकदा सिद्ध केलेली गोष्ट समभुजाला आपोआप लागू होते, पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.

उदाहरण म्हणून समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे प्रमेय घ्या. वर्गात शिरकोनाचा, म्हणजे समान बाजूंमधल्या कोनाचा, दुभाजक काढून ते सिद्ध करतात. पण अलेक्झांड्रियाचा प्राचीन ग्रीक गणिती पॅपस याच्या नावावर असलेली सिद्धता एकही जादा रेघ मागत नाही. त्रिकोण अबक मध्ये अब = अक आहे. आता हाच त्रिकोण उलटा वाचा: अकब. पहिल्यातली अब दुसऱ्यातल्या अक एवढी, पहिल्यातली अक दुसऱ्यातल्या अब एवढी, मधला कोन अ दोन्हींकडे तोच. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन्ही एकरूप, म्हणून कोन ब = कोन क. झालं! समभुजात हेच बाजूंच्या दुसऱ्या जोडीला लावलं की तिन्ही कोन समान, म्हणजे प्रत्येकी ६०°.

खरा फरक आहे तो मोकळीकीचा. समभुजाचा आकार एकच. लहान काढा, मोठा काढा, सगळे एकमेकांशी समरूप. म्हणूनच तो कायम लघुकोन असतो. समद्विभुजाचा शिरकोन ० ते १८० अंशांमधला कुठलाही चालतो, त्यामुळे तो लघुकोन, काटकोन, विशालकोन यांपैकी काहीही होऊ शकतो. (विषमभुजही तिन्ही प्रकारांत सापडतो. बाजू आणि कोन अशी दोन्हींनी विभागणी केली, तर एकूण सात जाती होतात.)

ही मोकळीक परीक्षेत फसवते. ‘समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ७०° आहे, बाकीचे सांगा’ याची उत्तरं दोन: ५५° आणि ५५°, किंवा ७०° आणि ४०°. कोन १००° दिला असेल तर मात्र एकच उत्तर, ४०° आणि ४०°, कारण दोन विशालकोन एका त्रिकोणात मावत नाहीत. आणि दिलेला कोन ६०° असेल तर तो शिरकोन असो वा पायाचा, त्रिकोण समभुजच निघतो. बाजूंचंही तसंच. समद्विभुजाच्या दोन बाजू ४ आणि ९ सेंमी असतील, तर तिसरी ९ च. ४ घेतली तर ४ + ४ ची बेरीज ९ ला पुरत नाही.

समभुज नसलेल्या समद्विभुजात सममितीची रेषा एकच. समान बाजू जिथे मिळतात त्या शिरोबिंदूतून काढलेली मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक तिथे एकाच रेषेवर येतात. पायाच्या टोकांतून काढले तर तिघे तीन वाटांनी जातात. समभुजात हे तिन्ही शिरोबिंदूंपाशी घडतं.

कंपासपेटीतला ३०–६०–९० चा गुण्या हातात घ्या. तो कागदावर गिरवा, मग काटकोनालगतच्या लांब कडेवर पालथा घालून पुन्हा गिरवा: समभुज त्रिकोण तयार. आता तेच आखूड कडेवर पालथा घालून करा: १२०°, ३०°, ३०° चा समद्विभुज. दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच, कारण दोन्ही त्याच गुण्याच्या दोन प्रतींनी बनलेत.

मात्र डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. १ सेंमी चौकटींच्या कागदावर (०, ०), (८, ०) आणि (४, ७) हे बिंदू जोडा. कुणीही समभुज म्हणेल. पण पाया ८ सेंमी आणि उरलेल्या दोन्ही बाजू √६५, म्हणजे सुमारे ८.०६ सेंमी. फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. पायाचे कोन सुमारे ६०.३°, आणि कोनमापक तेवढं दाखवत नाही. हा निव्वळ समद्विभुज आहे.

दुसरे बिंदू घेऊन बघू म्हणाल, तर तेही जमणार नाही. तिन्ही शिरोबिंदू चौकटींच्या कोपऱ्यांवर असलेला समभुज त्रिकोण काढताच येत नाही, कागद कितीही मोठा घ्या. अशा त्रिकोणाभोवती चौकटींच्या रेषांवरून जाणारा आयत काढून जादा तुकडे वजा केले, की क्षेत्रफळ पूर्ण किंवा अर्ध्या चौकटींतच मिळतं, म्हणजे परिमेय (पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येणारी) संख्या. समभुजाचं क्षेत्रफळ मात्र बाजूच्या वर्गाला √३/४ ने गुणून येतं. पायथागोरसच्या प्रमेयाने बाजूचा वर्ग इथे पूर्णांक असतो, तर √३ अपरिमेय. गुणाकारही अपरिमेयच येणार. एकच क्षेत्रफळ परिमेय आणि अपरिमेय दोन्ही असू शकत नाही. समद्विभुज त्रिकोण मात्र त्याच कागदावर हवे तितके काढा.