‘दिवस गेलेत का?’ हे कोण विचारणार?

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस चहाच्या आधी एक आकडा विचारतो: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, चिखली-आंबेवाडीची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. नदी आपण इंचाइंचाने मोजतो. मात्र निवारा केंद्रात उभ्या राहणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना आपत्तीतली शुश्रूषा किती येते, ते मोजायची आपली पट्टी जरा ढिलीच आहे.

रूढ पद्धत अशी: आधी प्रश्नपत्रिका, मग दोन दिवसांचं शिबिर, मग पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढले की ‘प्रशिक्षण परिणामकारक’ असा शेरा. पण तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवले तर काही न शिकवताही गुण थोडे वाढतात. म्हणून शिबिराला न बसलेल्या गटाशी तुलना करावी लागते. शिवाय शिबिर संपलं त्या संध्याकाळी कुणाला आठवत नाही? हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून १८८५ मध्येच दाखवलं होतं, की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं. शिबिर मे महिन्यात आणि पूर ऑगस्टमध्ये असेल, तर खरी चाचणी जुलैत, न सांगता घ्यायला हवी. ‘तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो?’ हा प्रश्नही फार विचारला जातो. त्यातून आत्मविश्वास कळतो, एवढंच.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवते, आणि प्रत्यक्ष कामात करते. लेखी पेपर दुसऱ्या पायरीवर दमतो. तिसरीसाठी ‘ऑस्की’ असते. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ती मांडली. विद्यार्थी एकेका टेबलावर जाऊन ठरावीक मिनिटांत काम करून दाखवतात, परीक्षक यादीवर खुणा करतो.

समजा, एका टेबलावर ट्रायाज आहे, म्हणजे आधी कुणाकडे बघायचं ते ठरवणं. नियम पाठ असतो: श्वास नाही, श्वासमार्ग मोकळा करूनही आला नाही, तर काळी पट्टी, म्हणजे ‘वाचण्यापलीकडे’ अशी खूण, लावून पुढे जायचं. पेपरात हे बहुतेकींचं बरोबर येतं. पण जमिनीवर एक माणूस निपचित पडलाय, शेजारून कुणी ओरडतंय, “अवो सिस्टर, आधी माझ्या पोराला बघा की!” अशा वेळी मुलगी तिथेच गुडघे टेकून छाती दाबत बसते. तिचं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही. पण तेवढ्या मिनिटांत मागचे तिघे तसेच राहतात, आणि परीक्षकाच्या यादीत ते दिसतं.

ट्रायाजच्या रंगीत पट्ट्या फोटोत छान दिसतात, म्हणून सरावही त्याचाच जास्त होतो. तो हवाच, पण आपला पूर म्हणजे रेल्वे अपघात नव्हे. इथे पाणी चढत जातं आणि दुखणी त्याच्या मागून येतात. म्हणून मला दुसरं टेबल महत्त्वाचं वाटतं. तिथे एक आजी बसली आहे. गोळ्यांचं पाकीट वाहून गेलंय. “पांढरी बारकी गोळी हाय, सकाळी एक,” एवढंच ती सांगते. विद्यार्थिनी रक्तातली साखर आणि बीपी तपासते, की अंदाजाने गोळी काढते? शेजारी पुराच्या पाण्यातून चालून आलेली तरुण बाई. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, टाळायला प्रौढांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात, पण गरोदर बाईला हे औषध देत नाहीत. गोळी हातावर ठेवण्याआधी “दिवस गेलेत का?” हे विचारलं की नाही, यावर इथले गुण.

यादीतली वाक्यंही नेमकी हवीत. ‘रुग्णाशी नीट बोलली’ असं लिहिलं, तर दोन परीक्षक एकाच मुलीला दोन तऱ्हेचे गुण देतील. ‘नाव विचारलं’, ‘आधीचे आजार विचारले’ असं लिहिलं की वाद उरत नाही.

चौथी पायरी मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये सापडत नाही. तिच्यासाठी पूर ओसरल्यावर निवारा केंद्राचं रजिस्टर उघडून बघावं लागतं: डॉक्सी दिलेल्या बाईच्या नावापुढे ‘गरोदर नाही’ लिहिलंय का, आणि आजीच्या साखरेपुढे तपासल्याची वेळ आहे का.