व्हिनेग्रेट

तेल आणि व्हिनेगर फेटून केलेले, मुख्यतः सॅलडवर घालायचे पातळ ड्रेसिंग. नाव फ्रेंच आहे आणि ते व्हिनेगरच्या फ्रेंच नावावरून पडले.

फ्रेंच पाककलेत तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर हे प्रमाण रूढ आहे. मात्र प्रत्येक व्हिनेगरचा आंबटपणा वेगळा असतो. तांदळाचे व्हिनेगर सौम्य असल्याने त्याला इतके तेल लागत नाही. त्यामुळे पुस्तकातल्या मापापेक्षा चव घेऊन ठरवणेच बरे, आणि तीही ज्यावर ड्रेसिंग घालायचे त्याच पानाला लावून घ्यावी.

मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी व्हिनेगरमध्ये विरघळवतात आणि मग तेलाची बारीक धार सोडत फेटतात. द्रवांचे सूक्ष्म थेंब एकमेकांत विखुरले की मिश्रण दाटसर आणि धूसर होते. याला इमल्शन म्हणतात. नुसत्या तेल-व्हिनेगरचे इमल्शन लवकरच फुटते आणि तेल वर येते. चमचाभर वाटलेली मोहरी घातल्यास ते बराच वेळ टिकते, कारण मोहरीच्या टरफलातील चिकट द्रव्य थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मेयोनेझमध्ये हेच काम अंड्याच्या बलकातील लेसिथिन करते.

ड्रेसिंग लावलेली पाने मलूल होतात त्याचा दोष बहुधा व्हिनेगरला दिला जातो. खरे कारण तेल आहे. पानावरच्या मेणासारख्या थरातून ते आत झिरपते आणि पान काळपट पडते. व्हिनेगर त्या थरावरून बरेचसे ओघळून जाते. म्हणून पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि ड्रेसिंग वाढण्याच्या क्षणीच घालावे. उकडलेल्या बटाट्याचे उलट आहे: तो गरम असतानाच व्हिनेग्रेट चांगले शोषतो. फ्रान्समध्ये उकडलेला लीक (कांद्याच्या जातीची जाड पातीची भाजी) आणि आर्टिचोकही (भाजी म्हणून खाल्ली जाणारी एक मोठी फुलकळी) व्हिनेग्रेटबरोबर खातात. व्हिनेग्रेटमध्ये उकडलेल्या अंड्याचा बलक, केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) आणि खारवलेल्या छोट्या काकड्या घातल्या की ग्रिबिश सॉस होतो.

रशियात याच नावाने, म्हणजे ‘विनेग्रेत’ म्हणून, उकडलेले बीट, बटाटा, गाजर आणि खारवलेली काकडी यांचे सॅलड ओळखले जाते. ब्राझीलमध्ये ‘विनाग्रेची’ म्हणजे बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा आणि ढोबळी मिरची घातलेला, भाजलेल्या मांसासोबतचा सॉस. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज ठेवायच्या छोट्या, बहुधा चांदीच्या डबीलाही व्हिनेग्रेट म्हणत. दुर्गंधी आली किंवा भोवळ वाटली की ती हुंगत.