दोन इंचांनी नेमकं काय उचललं जातं?

भारतात 2023 साली आलेली सुझुकीची जिम्नी पाच दारांची. तिच्या तीन दारांच्या भावंडाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2250 मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या गाडीचा 2590. मागे बसणाऱ्यांची सोय झाली, पण उंचवट्यावर पोट टेकायची शक्यता वाढली. गाडीचं पोट न घासता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो, हे रॅम्प ब्रेकओव्हर कोन सांगतो. छोट्या जिम्नीत तो 28 अंश आहे, लांब जिम्नीत 24. शाळेतली त्रिकोणमिती वापरून पाहा: लांब जिम्नीचं पोट 50 मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच वर नेलं, की हा कोन पुन्हा 28 च्या आसपास येतो. वाढलेल्या 340 मिलिमीटर लांबीची भरपाई 50 मिलिमीटर उंचीत होते. गाडी अशी उंच करण्याला लिफ्ट म्हणतात. सौदा स्वस्तातला दिसतो.

मात्र या दोन इंचांत काय वर जातं आणि काय जात नाही, हे आधी पाहायला हवं. जिम्नीला पुढे आणि मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे आणि त्यावर कॉइल स्प्रिंग बसतात. उंच स्प्रिंग टाकली की स्प्रिंगच्या वरचं सगळं उचललं जातं: चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी, बंपर. अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधोमध लोंबणारा, इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा डिफरन्शियलचा गोळा जागचे हलत नाहीत. तो जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास 50 मिलिमीटरने वाढला तरी अ‍ॅक्सल वर जातो फक्त 25. लिफ्टआधी ज्या दगडाला डिफरन्शियल आपटत होतं, त्याला ते लिफ्टनंतरही आपटणार. जाहिरातीतला ‘ग्राउंड क्लिअरन्स वाढवा’ हा दावा म्हणूनच अर्धा खरा.

घरच्या अंगणात हे काम करता येतं तेही याच रचनेमुळे. चॅसी भक्कम जॅक स्टँडवर टेकवायची, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक लावायचा, शॉकअपचा, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीचा, खालचा बोल्ट काढायचा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी करायची आणि अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग पूर्ण सैल होते आणि हाताने बाहेर येते. शहरी गाड्यांच्या पुढच्या स्ट्रटमध्ये असं नसतं. तिथे स्प्रिंग शॉकअपभोवती दाबूनच बसवलेली असते. मिलिमीटरला 20 न्यूटन ताठरपणाची स्प्रिंग 150 मिलिमीटर दबलेली धरली, तर तिच्यात 225 जूल ऊर्जा साठते. तेवीस किलोचं पोतं मीटरभर उंचीवरून अंगावर पडावं तसा तिचा फटका. तशा गाडीवर घरी हात न लावलेलाच बरा. नाशिकला बनणाऱ्या नव्या थारचं पुढचं सस्पेन्शनही स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणाऱ्या प्रकारचं आहे, त्यामुळे तिथलं काम आणि तिथल्या अडचणी निराळ्या.

स्प्रिंग बसली, चाकं लागली, गाडी खाली उतरली. आता मागून पाहिलं तर अ‍ॅक्सल बॉडीच्या मानाने किंचित एका बाजूला सरकलेला दिसतो. कारण पॅनहार्ड रॉड. हा आडवा दांडा एका टोकाला चॅसीला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला जोडलेला असतो आणि अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे जाऊ देत नाही. दांड्याची लांबी ठरलेली, त्यामुळे एक टोक वर गेलं की दुसरं आत ओढलं जातं. मजा आहे ती आकड्यांत. 900 मिलिमीटरचा दांडा सुरुवातीला अगदी आडवा धरला, तर पहिल्या 50 मिलिमीटर उचलीत अ‍ॅक्सल सरकतो जेमतेम 1.4 मिलिमीटर. पुढच्या 50 मध्ये आणखी 4.2. त्यापुढच्या 50 मध्ये आणखी 7. उचल दुप्पट झाली की सरकणं साधारण चौपट होतं. दोन इंचांची लिफ्ट निभावून जाते आणि चार इंचांची प्रत्येक सांध्याचे पैसे मागते, त्याचं बरंचसं कारण या चौपटीत आहे. ज्यांना सहा इंच हवेत त्यांनी आधी कागदावर हा त्रिकोण काढावा.

स्टिअरिंगचा बिघाड अधिक त्रासदायक. पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब बाहूंना जखडलेला असतो. चॅसी वर गेली की बाहू कलतात आणि त्यांच्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल आपल्या अक्षाभोवती फिरतो. बाहू 80 सेंटिमीटरचा धरला तर 50 मिलिमीटरला सुमारे साडेतीन अंश. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष कंपनीने मुद्दाम थोडा मागे कललेला ठेवलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. या कलामुळे अक्षाची रेषा टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे रस्त्याला मिळते, टायर तिच्यामागे ओढला जातो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. मुळात कॅस्टर मोजक्याच अंशांचा. त्यातले साडेतीन गेले की हायवेवर गाडी सैरभैर होते, सतत सांभाळावी लागते. उपाय म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश, म्हणजे बाहूंच्या सांध्यात बसणारी रबरी नळकांडी. तेवढ्यानेच अ‍ॅक्सल पुन्हा मागे कलतो. लिफ्टचं किट घेताना हे बुश सोबत आहेत का, हे रंगाआधी पाहावं.

बुशवरून आठवलं. या सांध्यांमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पीळ घेतं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क पान्ह्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळायचे. घरी होणाऱ्या कामात सर्वांत जास्त चुकतं ते हेच.

शॉकअप लांब हवेत आणि बंप स्टॉपही, म्हणजे चाक फार वर आलं तर अडवणारे ठोकळेही. अ‍ॅक्सल पूर्ण लोंबला की सर्वांत आधी शॉकअप ताणला जायला हवा, ब्रेकचा पाइप कधीच नाही.

आणि उलटण्याची गोष्ट. चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे स्थैर्याचं ढोबळ माप. जिम्नीची ही रुंदी 1400 मिलिमीटरच्या आसपास आहे. गुरुत्वमध्य 700 वर धरला तर गुणोत्तर 1 येतं. अ‍ॅक्सल आणि चाकं खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य समजा 40 ने वर गेला; गुणोत्तर 0.95 वर येतं. उलटण्याआधी गाडी किती कलू शकते, त्या कोनात कागदावर फरक दीड अंशाचा. पण छपरावर कॅरियर आणि त्यावर सामान असेल, तर तो अंश घाटातल्या वळणावर जाणवतो.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा रोख असा की वाहनाची मूळ रचना कंपनीच्या नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारणं शहाणपणाचं.

काम झाल्यावर उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर, काम सुरू करण्याआधी आणि नंतरही. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवाही मोजमापात शिरते. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा टेप लावावा, बोल्ट पुन्हा तपासावेत आणि मगच व्हील अलाइनमेंट करून घ्यावं.