पडद्यापुढे कागद: 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

'स्टार वॉर्स' या अवकाश-साहसांच्या चित्रपटमालिकेवरच्या कादंबऱ्यांच्या मुरलेल्या वाचकाला 'थ्रॉन वाचलास का?' असं विचारा. तो उलट विचारेल, 'कुठला? 1991 चा की 2017 चा?' निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा हा सेनानी दोन्ही वेळा टिमथी झानच्याच लेखणीतून उतरला. पण पहिल्या थ्रॉनची सगळी हकिगत आता अधिकृत कथेतून बाद आहे. या कादंबऱ्यांवर जीव लावणारा चाहता त्यांच्याबद्दल बोलताना निम्म्या वाक्यात कुरकुरतो, याचं मूळ पुस्तकं बरी की वाईट यात फारसं नाही. ती लिहिली गेली त्या अटींत आहे.

पहिला चित्रपट मे 1977 मध्ये लागला. त्याची कादंबरी मात्र 1976 च्या अखेरीसच दुकानांत आली होती. मुखपृष्ठावर नाव दिग्दर्शक जॉर्ज लुकसचं, लेखन ॲलन डीन फॉस्टरचं. फॉस्टरकडेच दुसरंही पुस्तक सोपवलं होतं आणि त्यामागचा हिशेब सरळ होता: चित्रपट जेमतेम चालला, तर पुढचा भाग स्वस्तात काढता येईल अशी गोष्ट हाताशी असावी. 1978 मध्ये आलेली 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' वाचताना हा हिशेब पानोपानी दिसतो. जवळजवळ सगळी गोष्ट मिंबन नावाच्या धुक्याने भरलेल्या एकाच ग्रहावर घडते, कारण धुकं असलं की मागचा देखावा उभारावा लागत नाही. सुरुवातीला अवकाशातली चकमक होती; ती खर्चिक म्हणून काढायला लावली. हॅन सोलो तर नाहीच, कारण ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड पुढच्या चित्रपटासाठी करारबद्ध नव्हता. चित्रपटाने पैशांचा पाऊस पाडला आणि स्वस्तातल्या भागाची गरजच उरली नाही. पुस्तक तेवढं राहिलं. त्यात नायक ल्यूक आणि राजकन्या लेया यांच्यात प्रेमाची चाहूल आहे. 1983 च्या चित्रपटाने ती दोघं सख्खी जुळी भावंडं असल्याचं सांगितलं, तेव्हापासून ती पानं वाचताना वाचक अवघडतोच.

तीन चित्रपट पुरे होईपर्यंत पुस्तकांना पुढे जायला वाट नव्हती. म्हणून ब्रायन डेलीच्या हॅन सोलोवरच्या तीन कादंबऱ्या (1979–80) आणि एल. नील स्मिथच्या हॅनच्या जुगारी मित्रावरच्या, लँडोवरच्या, तीन (1983) आधीच्या काळात आणि आडवाटेच्या प्रदेशांत रमल्या. डेलीच्या आजही चटपटीत वाटतात. त्यानंतर सात-आठ वर्षं मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांचा दुष्काळ. या काळात गोष्टीचं जग जिवंत ठेवलं ते 1987 पासून वेस्ट एंड गेम्सने काढलेल्या भूमिका-खेळाच्या माहितीपुस्तकांनी: कुठल्या जातीचं नाव काय, कुठलं जहाज किती लांब, असला सगळा तपशील त्यांत होता.

हीच माहितीपुस्तकं पुढे झानच्या हाती दिली गेली. बँटम या प्रकाशनाने काढलेली त्याची 'एअर टू द एम्पायर' 1991 मध्ये आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. 1992 आणि 1993 मध्ये पुढचे दोन भाग आले. काळ तिसऱ्या चित्रपटानंतर पाच वर्षांचा. साम्राज्य मोडलंय, पण संपलेलं नाही. नव्या प्रजासत्ताकाला युद्ध जिंकता आलं, कारभार जमत नाही. आणि समोर शत्रूची चित्रं-शिल्पं न्याहाळून त्याची लढाईतली खोड ओळखणारा थ्रॉन. जादूई शक्ती नसलेला खलनायक, ही या तीन पुस्तकांची खरी कमाई.

पण झानलाही मोकळं रान नव्हतं. गोष्टीतल्या एका वेड्या जेडायला, म्हणजे गूढ शक्ती असलेल्या योद्ध्याला, त्याने आधी ल्यूकचा गुरू ओबी-वान केनोबी याचा क्लोन (हुबेहूब प्रत) करायचं ठरवलं होतं. लुकसची कंपनी लुकसफिल्म हिने नकार दिला. एका मारेकरी जमातीला तो 'सिथ' हे नाव देणार होता. तेही नाकारलं गेलं, मग 'नोघ्री' हे नाव आलं. पहिल्या चित्रपटात नुसता उल्लेख झालेली क्लोन-युद्धं म्हणजे नेमकं काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने आपल्या परीने क्लोनना शत्रूच्या बाजूला कल्पिलं. 2002 च्या चित्रपटात क्लोन निघाले प्रजासत्ताकाचंच सैन्य. उलट राजधानीच्या ग्रहाला त्याने दिलेलं 'कोरसंट' हे नाव चित्रपटांनी जसंच्या तसं उचललं. म्हणजे देवाणघेवाण होती, पण पुस्तकाचं काय ठेवायचं हे चित्रपट ठरवणार.

आपल्याकडे पुराणांतल्या दोन कथा जुळेनात की कीर्तनकार 'कल्पभेद' म्हणून मोकळे होतात. लुकसफिल्मने त्या कामाला पगारी माणूस ठेवला. 2000 पासून लेलंड ची नावाचा हा माणूस 'होलोक्रॉन' नावाची नोंदवही सांभाळू लागला आणि प्रत्येक गोष्टीला दर्जा मिळाला. जी म्हणजे खुद्द जॉर्जचं, अर्थात चित्रपट. पुढे त्याखाली टी म्हणजे टीव्ही. त्याखाली सी, म्हणजे बहुतेक कादंबऱ्या आणि कॉमिक्स. मग एस, म्हणजे दुय्यम, आणि सगळ्यांत तळाशी एन, म्हणजे न धरण्याजोगं. वरच्याने खालच्याला खोडलं तर खालचं गेलं. इव्हन पील या जेडायचं बघा: 2008 च्या 'जेडाय ट्वायलाइट'मध्ये तो साम्राज्य आल्यावर मरतो, 2011 मध्ये 'द क्लोन वॉर्स' मालिकेने त्याला युद्ध चालू असतानाच मारून टाकलं. पुस्तकातलं मरण रद्द.

या उतरंडीतही पुस्तकांनी मोठ्या जोखमी घेतल्या. डेल रे या प्रकाशनाकडे हक्क आल्यावर 'न्यू जेडाय ऑर्डर' ही 19 कादंबऱ्यांची मालिका निघाली (1999–2003). पहिल्याच पुस्तकात, 'व्हेक्टर प्राइम'मध्ये, ग्रहावर चंद्र कोसळत असताना हॅनचा केसाळ साथीदार च्युबाका लोकांना जहाजात चढवत राहतो, हॅनच्या धाकट्या मुलाला आत फेकतो आणि स्वतः मागे राहतो. हॅन जमिनीवर नजर ठेवून असतो, पण जहाज परत वळवता येत नाही. चाहते खवळले. ती पानं मात्र या सगळ्या पसाऱ्यातल्या सर्वोत्तम पानांत मोडतात. पुढे थकवा आला: ल्यूकची बायको झालेली मारा जेड 2007 मध्ये हॅन-लेयाच्याच मुलाच्या हातून मेली, आणि तो मुलगा पुन्हा सिथ, म्हणजे जेडायचा दुष्ट प्रतिस्पर्धी. आजोबांची, खलनायक डार्थ व्हेडरचीच, गोष्ट परत.

ऑक्टोबर 2012 मध्ये डिस्नेने 405 कोटी डॉलरना लुकसफिल्म घेण्याचं जाहीर केलं आणि 25 एप्रिल 2014 ला निवाडा आला: सहा चित्रपट आणि 'द क्लोन वॉर्स' तेवढं खरं, बाकी आजवरचं 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा. धंद्याच्या नजरेने ते अपरिहार्य होतं. च्युबाका मेलेला, मुलांची लग्नं-मरणं झालेली. नवा चित्रपट पाहायला येणाऱ्याला हे सगळं आधी वाचून ये असं कोण सांगणार? जुनी पुस्तकं 'लेजेंड्स' लिहिलेल्या सोनेरी पट्टीसह छापली जात राहिली. जुनं काही विकत घेताना ही पट्टी पाहावी. नवं 'थ्रॉन' (2017) आणि 1991 ची मालिका एकापुढे एक वाचली तर काहीच जुळत नाही. जुन्यापासून सुरू करायचं असेल तर झानची पहिली तीन पुरेशी. ती स्वतंत्र उभी राहतात. 19 पुस्तकांना नंतर हात घालावा.

नव्या व्यवस्थेत चित्रपट, मालिका, पुस्तकं सगळी एकाच दर्जाची, असं सांगितलं गेलं. त्यातून क्लॉडिया ग्रेची 'ब्लडलाइन' (2016) आली आणि 2015 च्या चित्रपटाने गाळलेलं राजकारण तिने भरून काढलं: लेया व्हेडरची मुलगी असल्याचं उघड होतं आणि तिची राजकीय कारकीर्द संपते. पुस्तक उत्तम, पण हे पडद्यावर का नव्हतं, हा राग तेच वाचून वाढतो. समान दर्जाचं म्हणाल, तर केनन या पदवानाचा (जेडायच्या शिष्याचा) 2015 च्या कॉमिकमधला प्रसंग 2021 च्या 'द बॅड बॅच'ने पहिल्याच भागात बदलला, आणि असोका या नायिकेवरच्या 2016 च्या कादंबरीतली घटना 2022 च्या लघुपटमालिकेने वेगळीच दाखवली. दोन्ही वेळा पडदाच जिंकला.

2023 च्या 'असोका' मालिकेत थ्रॉन पहिल्यांदा हाडामांसाच्या नटाच्या रूपात दिसला. लार्स मिकेल्सनने तो केला. 1991 च्या त्याच पुस्तकातून आलेली मारा जेड तिथे नव्हती.