माणूस बसला की सायकलची मापं बदलतात

पुढे-मागे 160 ते 180 मिमी दबणारी फुल सस्पेन्शन सायकल घ्यायची म्हटलं की पहिला वाद हेड अँगलवर, म्हणजे हँडलच्या नळीच्या जमिनीशी होणाऱ्या कोनावर होतो: 64 अंश बरा की 65? पण कंपनीच्या तक्त्यातला हा आकडा रिकाम्या, भिंतीला टेकवलेल्या सायकलचा असतो. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या जांभ्या दगडावर तुम्ही चालवता ती दबलेली सायकल, आणि तिची मापं वेगळी असतात.

हिशोब करून बघा. मागे 160 मिमी, पुढे 170 मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त दबतं ते अंतर), दोन चाकांतलं अंतर 1240 मिमी. पेडलवर नुसतं उभं राहिल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं तो सॅग. मागे तो 30 टक्के, म्हणजे 48 मिमी. पुढे 20 टक्के, म्हणजे 34 मिमी. पुढचं चाक धरणारा फोर्क तिरका असल्याने उभ्या रेषेत पुढचं टोक साधारण 30 मिमीच खाली येतं. मागचा भाग 18 मिमी जास्त बसला, म्हणजे 64 अंशांचा हेड अँगल 63 च्या जवळ आला. खड्या उतारावर ब्रेक दाबले की उलटं होतं. फोर्क अर्धा दबतो, मागचं चाक हलकं होतं आणि तोच कोन 66 च्या पुढे जातो. तिथेच सायकल तोंडावर पडेलशी वाटते. दोष बहुतेक वेळा फ्रेमचा नसतो, फोर्कमध्ये हवा कमी असते.

चढावर सीटच्या नळीचं असंच होतं. बसून चढताना वजन मागे सरकतं, शॉक (मागचं सस्पेन्शन) 40 टक्क्यांपर्यंत दबतो आणि फोर्क जवळजवळ पूर्ण उघडतो. तक्त्यातले 77 अंश प्रत्यक्षात साडेचौऱ्याहत्तर होतात. राजहंसगडासारख्या चढाला पुढचं चाक उचलू लागतं ते यामुळे. म्हणून लांब ट्रॅव्हलच्या फ्रेमला सीटची नळी 76 ते 78 अंशांची हवीच. सीट रेल्सवर पुढे सरकवून थोडी भरपाई होते, पूर्ण नाही.

हेड अँगलचं खरं काम ट्रेल वाढवणं. स्टीअरिंगची रेषा जमिनीला जिथे टेकते त्याच्या मागे टायर किती अंतरावर टेकतो, ते ट्रेल. 29 इंची चाकाची त्रिज्या 370 मिमी आणि फोर्कचा ऑफसेट (स्टीअरिंगच्या रेषेपासून चाकाचा अक्ष जितका पुढे असतो ते अंतर) 44 मिमी धरला, तर 68 अंशांना ट्रेल 102 मिमी येतो, 64 अंशांना 131. एवढ्या ट्रेलने चाक दगडाला आपटून वळलं तरी आपसूक सरळ होतं. सपाट माळावर मात्र हँडल जड लागतं. फोर्क 10 मिमीने उंच घेतला तर कोन जेमतेम 0.4 अंशाने झुकतो, पण पेडलची जागा वर जाते आणि रीच (पेडलच्या अक्षापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) घटतो. तेवढ्यासाठी महागडा फोर्क बदलू नये.

आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित माप बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या अक्षाच्या उंचीचं. तक्त्यात 345 मिमी असेल तर वरच्या सॅगने ते 303 होतं. 170 मिमीचा क्रँक (पेडलचा दांडा) आणि पेडलची अर्धी जाडी वजा केली की जमिनीपासून सव्वाशे मिमी उरतात. खानापूरच्या रानवाटांवर मातीतून वर आलेला जांभ्याचा चिरा सहज तेवढा असतो. पेडल आपटलं की सायकल आडवी फेकली जाते. 165 चा क्रँक घ्या. 5 मिमी किरकोळ वाटतात, पण चढावर तेवढ्यानेच पेडल दगडाला न लागता सुटतं.

सॅग असा मोजा. पाण्यासकट सगळं सामान अंगावर घ्या, सस्पेन्शनचं दबणं अडवणारे कॉम्प्रेशनचे लिव्हर पूर्ण उघडे ठेवा. कुणाला तरी हँडल धरायला सांगून पेडलवर उभे राहा, दोनदा दाबा, स्थिर व्हा. शॉकवरचं रबरी कडं सीलला टेकवा आणि अलगद उतरा. 65 मिमी स्ट्रोकच्या, म्हणजे तेवढा दबणाऱ्या शॉकवर कडं 19-20 मिमीवर हवं. फरक असेल तर हवेचा दाब 5 पीएसआयने बदला. हवा भरल्यावर शॉक दहा वेळा दाबून सोडा, नाहीतर आतल्या दोन कप्प्यांतला दाब जुळत नाही आणि माप खोटं येतं. पंप काढताना होणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. त्या भीतीने जास्त हवा भरू नका.

सॅग बरोबर असूनही शॉक वारंवार तळाला बसत असेल तर आत हवेची जागा कमी करणारा व्हॉल्यूम स्पेसर घाला. हवेऐवजी स्प्रिंग असलेल्या कॉइल शॉकमध्ये ही सोय नसते, म्हणून तो ट्रॅव्हलच्या शेवटाकडे कडक होत जाणाऱ्या फ्रेमलाच लावावा.

टायर ट्यूबलेस, 2.4 इंची, जाड बाजूंचा. जांभ्याची धार मधला रबर नाही, बाजू चिरते. 75 किलोच्या स्वाराने पुढे 22, मागे 25 पीएसआयपासून सुरुवात करावी. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत पावसानंतर सायकल नेऊच नये. फ्रेम आणि चाकाच्या फटीत माती बसून चाक जाम होतं.

ब्रेकला चार पिस्टन, पुढची डिस्क 203 मिमी. 180 च्या डिस्कपेक्षा तेवढ्याच दाबात सुमारे 13 टक्के जास्त जोर मिळतो. चोर्ला घाटाच्या पावसात ऑरगॅनिक (रेझिनचे) पॅड भराभर झिजतात. जून ते सप्टेंबर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड वापरा, डिस्कला चालतात का ते आधी बघून.

लाल चिखल बारीक असतो, सीलच्या ओठाखाली शिरतो. प्रेशर वॉशरचा फवारा पिव्होटवर, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यावर मारला तर पाणी तो चिखल थेट बेअरिंगमध्ये ढकलतं. बादली आणि ब्रश पुरे. फोर्कच्या खालच्या पायांतलं तेल साधारण 50 तासांनी बदला, पावसात त्याआधीच.

ढिलाई तपासायला सीट धरून मागचं चाक किंचित उचला. शॉक बोल्टने जिथे बसतो त्या डोळ्यावर बोट ठेवा, मग एकेका लिंकवर (फ्रेमच्या हलत्या जोडावर). जिथे ‘टक’ जाणवेल तिथे झीज. बहुधा शॉकच्या डोळ्यातला बुश निघतो, आणि तो बेळगावच्या उद्यमबागेतला चांगला टर्नर नमुना बघून घडवून देतो. बेअरिंग मात्र हातोडीने ठोकू देऊ नका. बाहेरच्या कड्यावरच दाब येईल असा प्रेस वापरायला सांगा. आतल्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांचे खड्डे कड्यात उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.